एक हिसका म्हणजे ठीक

रविवार, ८ एप्रिल १९७९. कपडे वाळत घालायची दोरी बदलायची आहे. शेलूबाजारातून प्लास्टिकची तार आणून ठेवली होती. आज दुपारी जुनी दोरी सोडली. ही जुनी दोरी नायलॉनची, करंगळीएवढी जाड, एके काळी पांढरी. उन्हापावसात करडी झाली, एका टोकाचे तंतू सुटले, पण कुठे तुटलेली नाही. आमचे हे शाळेत मास्तर आहेत, मीही त्यांना मास्तरच म्हणते. ते म्हणाले, "गोऱ्ह्याले बांधायले होईल." मी म्हटलं, थांबा, आणि ती साबणाच्या पाण्यात भिजत घातली. ही दोरी माझ्या धाकट्या दिराची. ती कमरेला बांधून ते समुद्रात उतरणार होते आणि तिचं दुसरं टोक धरायला मी जाणार होते. तो बेत पार पडला नाही. का नाही, हे गावात प्रत्येकजण वेगळं सांगतो. मी तिथे होते, म्हणून लिहून ठेवते.

सगळा गाव त्यांना नेवीवाला म्हणायचा. मी भाऊजी म्हणत असे. त्यांची एक सवय पाहुण्यांना दचकवायची. शिडी चढताना, तळघरातून येताना, अगदी बसच्या पायऱ्या चढतानासुद्धा ते एक हात डोक्याच्या वर सरळ उभा धरत आणि तोंडाने हळूहळू श्वास सोडत. मंगरूळच्या स्टँडवर एकदा कंडक्टरने विचारलं, "काय राजेहो, मोर्चा हाय का?" पाण्याखालून वर येताना डोकं जहाजाच्या बुडाला आपटू नये म्हणून पाणबुडे हात वर ठेवतात आणि छातीत हवा कोंडून ठेवत नाहीत, म्हणून श्वास सोडतात. नेव्हीतल्या नोकरीने हा हात त्यांच्या अंगात बसवला होता. जमिनीवर तो उतरेना.

सासरे छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि धाकट्या मुलाला म्हणाले, गावकीचं काम आता बंद, तू शीक. भाऊजी मॅट्रिक नापास झाले. घरी तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून अकोल्याहून परस्पर मुंबईला गेले आणि नेव्हीत भरती झाले. नाल्याच्या डोहात पोहायला शिकलेला मुलगा. तिथे त्यांनी त्याला पाणबुड्या केलं. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात परत आले ते लोखंडी पेटी, ही दोरी आणि फुटलेला उजवा कान घेऊन. नेव्हीच्या डॉक्टरने लिहून दिलं होतं की या माणसाने पुन्हा पाण्याखाली जाऊ नये. हा कागद ते सगळ्यांना दाखवत आणि पाळत मात्र नसत.

डिसेंबरात युद्ध सुरू झालं तेव्हा ते ग्रामपंचायतीच्या रेडिओला चिकटून बसले. जेवायला बोलावलं तरी येत नसत. चांगला कान रेडिओला लावायचा आणि फुटका आमच्याकडे करायचा. आपली माणसं तिकडे पाण्यात आहेत आणि आपण इथे तुरीच्या ढिगावर बसलो आहोत, हे त्यांना सहन होत नव्हतं. शेतीत त्यांचं लक्ष नव्हतं, हेही सांगून टाकते. वखर धरला तर तास वाकडं जायचं. मास्तर वैतागून म्हणत, "तुह्या समुद्रात रेघ सरय मारता येते का रे?"

या सगळ्यातून निघालेला बेत असा होता. "वहिनी," ते मला सांगत, "मी इतकी वर्सं पान्यात काढली, पन पाह्यलं काईच नाई. बंदराचं पानी मनजे गटार. जहाजाच्या बुडाखाली कायाकुट्ट अंधार. पंखा साफ कराचा तं हातानं चाचपून, खिया आवयाचा तं हातानं चाचपून. डोये असून आंधया." फक्त एकदा, एका रविवारी, दक्षिणेत मंडपमजवळ त्यांच्या तुकडीला सरावासाठी पोवळ्याच्या खडकांवर उतरवलं होतं. पाणी स्वच्छ, ऊन तळापर्यंत. तेवढं एकदाच त्यांनी पाण्याच्या आत डोळ्यांनी पाहिलं. आता तिथे पुन्हा जायचं, पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून एकदा पोटभर पाहायचं आणि मग पाणी सोडायचं. त्यांचा एक मलबारी जोडीदार नोकरी सोडून मंडपमला बोट चालवत होता. सिलिंडर तो देणार होता. बाकीचं सामान आपण न्यायचं.

बाकीचं सामान आमच्या घरात तयार झालं. सायकलवाल्याकडून ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा आणून त्यात खिडकीची काच बसवली. हा झाला डोळ्यांवरचा चष्मा. खाली जायला कमरेला वजन लागतं, म्हणून वाण्याकडची बाद झालेली तराजूची वजनं गाईच्या पट्ट्यात ओवली. वस्तीतल्या बायका बघायला जमत. पोवळं त्यांना सोनाराकडचं माहीत, मुलांच्या गळ्यातलं. "पोवयाचं झाड असते का हो भाऊ?" असं एकीने विचारलं, तर भाऊजी म्हणाले, "झाडच काय, अख्खं जंगल हाय. अन् ते झाड जितं असते, जनावरासारखं." ती म्हणाली, "मंग ते तोडून गयात घालतेत? पाप नाई का?" भाऊजींनी हा विचार केलेला नव्हता.

लग्नाचंही याच नादात फिसकटलं. कामरगावकडचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलगी सातवी पास, घर नीट. आम्ही पाहायला गेलो. पोहे झाले, मुलीचं नाव विचारून झालं, आणि भाऊजींनी विचारलं, "पोयता येते काय?" मुलगी गोंधळली. तिचे मामा म्हणाले, "आमच्या इकडं पोरी पोयत नाईत." भाऊजी म्हणाले, "शिकवता येईल. दम किती वेळ धरते?" परतीच्या जीपमध्ये मास्तर बाहेर बघत बसले. मी बोलले. सगळं ऐकून भाऊजी म्हणाले, "वहिनी, मले दोर धरनारं मानूस पाह्यजे. बायको दुसरी गोष्ट."

दोर धरणारं माणूस हाच त्या बेतातला मोठा अडथळा होता. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून पाणबुड्याच्या कमरेच्या दोराने बोलायचं असतं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. वरच्याने उलट एक हिसका द्यायचा, म्हणजे समजलं. चार हिसके म्हणजे वर घ्या. आता आमच्याकडे विहीर खणण्यात हयात घालवलेली माणसं आहेत. त्यांच्या कामात खालच्याने दोर एकदा हलवला की वरच्यांनी जिवाच्या आकांताने ओढायचं, कारण खाली सुरुंगाची वात पेटलेली असते. ही सवय हातात मुरलेली. युद्ध संपल्यावर, वस्तीच्या विहिरीला अजून भरपूर पाणी होतं तेव्हा भाऊजींनी चष्मा लावून परीक्षा घ्यायचं ठरवलं. तिघांनी दोर धरला. भाऊजी तळाला पोचले, एक हिसका दिला, आणि तिघांनी मिळून त्यांना खडकाला खरडत वर काढलं.

"ठीक हाय सांगून राह्यलो ना बे! बादली हाय का मी?"

"हाललं मनून वढलं."

"एक मनजे ठीक! चार मनजे वर! किती येळा सांगू भैताडहो?"

ते पुन्हा उतरले. पुन्हा एक हिसका, पुन्हा वर. तिसऱ्यांदा त्यांचा गुडघा सोलला. मी दवाखान्यात नर्स आहे. त्या दिवशी विहिरीत टाकायची पावडर घेऊन तिथे गेले होते. पावडर टाकायची तर माणूस आत नको, आणि हा तमाशा संपेना. मी दोर हातात घेतला आणि म्हटलं, एकदा जाऊन या आणि घरी चला. ते गेले. एक हिसका आला. मी एक दिला आणि थांबले. तिघे माझ्या कानाशी ओरडत होते, "वढा ना बाई, मरंन तो!" मी थांबले. इंजेक्शन देताना पेशंट ओरडला म्हणून सुई अर्ध्यात काढत नाहीत, तेवढंच. चार आले तेव्हा ओढलं. भाऊजी कठड्यावर बसून धापा टाकत म्हणाले, "साऱ्या गावात एकच मानूस हाय, अन् ते बाई हाय."

त्यांनी कान पुसला, तर टॉवेलला लाल डाग पडला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बॅटरी लावून मी कान पाहिला. पडद्याला भोक होतं आणि आत पाणी गेलं होतं. मी स्पष्ट सांगितलं: अशा कानात गार पाणी शिरलं की चक्कर येते. पाण्यात असताना वर कोणत्या बाजूला आहे तेच कळेनासं होतं. विहिरीत ठीक, समुद्रात मराल. पडदा भरून आला तर मी रजा काढून मंडपमला येते आणि दोर धरते. नाही भरला तर बेत रद्द. तोपर्यंत कानाला पाण्याचा थेंब लागता कामा नये.

"भरंन का?"

"मी नर्स हाय, ज्योतिषी नाई. कोरडा राह्यला तं भरू शकते."

कबूल म्हणाले खरे, पण पाणी दिसलं की त्यांचा धीर सुटे, आणि एखादं वर्ष चांगलं लागलं असतं तर ते कुठेतरी उतरलेच असते. बहात्तर साली पाऊसच पडला नाही. नाल्याचा डोह आटला, वस्तीच्या विहिरीत तळाचा दगड दिसू लागला. लोक रोजगार हमीच्या खडीवर गेले, भाऊजीही गेले. बायका एका घागरीसाठी पाटलांच्या मळ्यापर्यंत जात. त्या विहिरीला तेवढं अडीच पुरुस, म्हणजे अडीच माणूस उंच पाणी टिकून होतं. आमच्या बायकांनी कठड्याला हात लावायचा नाही, खाली गुरांच्या डोणीपाशी घागर ठेवायची, वरून कोणाला दया आली की तो ओतायचा. अशा वर्षात समुद्राच्या बेताबद्दल बोलायला भाऊजींनाच लाज वाटत असे. मास्तर टोमणा मारत, "इथं पानी इकत भेटेना, अन् हे हवा इकत घेऊन पान्यात जानार." पण अंघोळीलाही पाणी नसलेल्या त्या वर्षात भाऊजींचा कान भरत होता. दुष्काळाने आमच्या गावात कोणाचं भलं केलं असेल तर त्या एका कानाचं.

थंडीत मी पाहिलं, पडदा बंद झाला होता. अकोल्याच्या डॉक्टरांकडूनही पाहून घेतलं. ते म्हणाले, नवा पडदा आहे, जपून. मी दिलेला शब्द परत घेणारी नाही. मास्तरांनी वाशीमच्या स्टेशनवरून पूर्णा, सिकंदराबाद, मद्रास असं करत मंडपमपर्यंतची गाडी कशी जुळते ते काढून दिलं. स्वतः येणार नाही म्हणाले, पण माझ्या रजेचा अर्ज त्यांनीच लिहिला. गावात बोलणं झालंच. "नर्सबाईनं दिराले दावनीले बांधलं" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. भाऊजींना मी सांगितलं की फार खाली जायचं नाही, टप्प्याटप्प्याने उतरायचं, कान दुखला की लगेच वर. ते लहान मुलासारखे मान हलवत. रोज सकाळी दोर उन्हात पसरून हातभर हातभर तपासत.

निघायला आठवडा राहिला होता. दुपारी पाटलांचा माणूस दवाखान्यात धावत आला. माझ्यासाठी नव्हे, "नेवीवाला कुठी हाय?" पाटलांचा सालदार किसना, विशीतला, सकाळी इंजिनाच्या पाइपाचा खालचा व्हॉल्व्ह साफ करायला विहिरीत उतरला आणि परत वर आला नाही. मी आधी वेळ विचारली. सकाळी बुडालेला माणूस. आता दुपार कलली होती. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊजींना घेऊन मळ्यात पोचले तेव्हा कठड्याभोवती गर्दी होती आणि दोघे गळ सोडायच्या तयारीत होते. विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ, चार आकड्यांचा. किसनाची माय त्या गळाला लोंबकळली होती.

"माह्या लेकाले गळ लावू नोका हो! तोंड फाटंन त्याचं! बादली हाय का तो?"

भाऊजींनी हे ऐकलं. ते त्या विहिरीच्या इतक्या जवळ आयुष्यात कधी गेले नव्हते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"भाऊजी, पडदा कांद्याच्या पापुद्र्याएवढा हाय. तयाले गेले की फाटंन."

"मालूम हाय."

"आठवड्यानं गाडी हाय आपली."

"हाव."

"अन् तो मेलेला हाय."

"हाव वहिनी." त्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला. "गळ पाह्यला का तुमी? दोर आना घरून."

दोर आणायला मी दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही. स्वतः गेले, चालत. तेवढ्यात त्यांचा विचार बदलेल असं वाटलं होतं. परत आले तेव्हा ते कठड्यावर पाय सोडून बसले होते आणि ती माय त्यांच्या पाठीशी, त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरून. पाटील झाडाखाली उभे होते. उतर म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. मी दोर त्यांच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलं.

ते गेले. थोड्या वेळाने एक हिसका आला. गर्दीतल्या सगळ्यांचे हात दोरावर पडले. "वढा! वढा!" मी म्हटलं, "हात काढा. ठीक हाय म्हनून राह्यले ते." पाटलांचा पुतण्या दोर सोडीना, तेव्हा मी त्याच्या हातावर चापट मारली. एरवी त्या चापटीवरून गावात काय झालं असतं ते सांगायला नको. त्या वेळी त्याने हात काढून घेतला. भाऊजी दम घ्यायला वर येत, पुन्हा जात. तिसऱ्या खेपेला वर आले तेव्हा त्यांची मान एका बाजूला कलली होती. मी ओळखलं, फाटला. "बस झालं, या वर," मी ओरडले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बुडी मारली. मग दोराला चार हिसके बसले, एकामागून एक, स्पष्ट. आणि भाऊजी दोराशिवाय वर आले, हात डोक्यावर धरून. दोर त्यांनी किसनाला बांधला होता.

"आता वढा," ते म्हणाले. "हयू वढा. खडकाले लागू देऊ नोका."

किसना आला. त्याच्या तोंडाला भाऊजींनी आपला गमछा गुंडाळला होता. मायने तो सोडला. एक ओरखडा नव्हता. भाऊजी पायऱ्या चढून आले ते भिंतीला धरून, वाकडे. कानातून मानेवर रक्त उतरत होतं आणि हात मात्र अजून वरच होता. तो मीच धरून खाली घेतला.

त्याच संध्याकाळी पाटलांनी इंजिन लावून विहीर उपसायला घेतली. मयतामुळे उपसली की उतरलेल्या माणसामुळे, हे कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. एवढ्या दुष्काळात ते पाणी रात्रभर नाल्याला वाहत राहिलं. आमच्या बायका गुरांसाठी घागरी भरून नेत होत्या. त्या विहिरीचं पाणी कोणी वरून न ओतता आमच्या घागरीत यायची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी नवं पाणी झिरपल्यावर मी पावडर टाकून आले. मास्तर वाशीमला जाऊन तिकिटं परत करून आले आणि मंडपमला तार केली.

कान चिघळला. औषधं झाली, अकोल्याच्या फेऱ्या झाल्या. पू थांबायचा आणि पुन्हा यायचा. दुसराही कान मंदावला. किसनाची माय अधूनमधून यायची आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसायची. ती बोलत नसे, यांना ऐकू येत नसे. दोघांचं बरं जमायचं. भाऊजी मात्र "येत्या माघात जाऊ" म्हणत राहिले. घरचे हो ला हो करत. मला ते जमेना. मी पाटीवर लिहून दाखवलं: आता कधीच नाही. त्यांनी वाचलं आणि मोठ्याने, कारण आता ते सगळंच मोठ्याने बोलत, म्हणाले, "मले मालूम हाय वहिनी. मंग तुमी उतरा. मी दोर धरतो. काय दिसलं ते येऊन सांगा."

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते, दोन मुलांची आई, आणि मला पोहता येत नव्हतं. मी नाही म्हटलं. त्यांनी दोर आणून माझ्या पुढ्यात ठेवला. माणसाला काही काम नसलं की तो लवकर जातो, हे मी दवाखान्यात पाहिलं आहे. म्हणून मी काष्टा घालून सकाळी ड्यूटीच्या आधी वस्तीच्या विहिरीत उतरायला लागले. त्र्याहत्तरच्या पावसाने ती भरली होती. लोक दोन आठवडे हसले, मग कंटाळले. भाऊजी कठड्यावर दोर धरून. मी आधी पोहायला, मग बुडायला शिकले. तळाला हात लागला की एक हिसका. वरून लगेच एक यायचा.

"काय दिसलं?" वर आल्यावर ते ओरडून विचारत.

मी बोटांनी खुणा करून सांगे: गाळ, शेवाळ, फुटकी घागर.

"शेवायाचा रंग?"

मी माझं हिरवं पातळ दाखवलं.

"एकच? नीट पाह्यलं नाई तुमी. जा परत."

मी परत जात असे. दोन हिरवे होते, आणि एक पिवळसर. हे मान्य करायला मला आठवडा लागला.

पंचाहत्तरच्या आषाढात त्यांना ताप आला, डोकं दुखायला लागलं आणि मान वाकेना. मी त्याच दिवशी अकोल्याला नेलं. कानातला पू मेंदूकडे गेला होता. दोन दिवस मी खाटेशी होते. शुद्ध येत-जात होती. शेवटच्या दुपारी मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी माझी बोटं एकदा दाबली. मी एकदा दाबून उत्तर दिलं. नर्स म्हणून मला माहीत होतं की ती खूण खोटी आहे. आणखी तीन वेळा दाबतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी दाबलं नाही.

पाटलांकडून गाडीभर लाकडं आली, निरोप काही आला नाही. किसनाची माय आली आणि स्मशानाच्या वाटेपर्यंत आमच्या बायकांमधून चालली. दोर काही दिवस खुंटीला होता. मग मला कपडे वाळत घालायला दोरी हवी होती, तेव्हा तोच बांधला. चांगली वस्तू नुसती टांगून ठेवणं मला आवडत नाही. मंडपमच्या जोडीदाराचं दरवर्षी कार्ड येतं. इंग्रजीत दोन ओळी: बोट आहे, पाणी स्वच्छ आहे, कोणी येणार का? मी आजवर उत्तर दिलं नव्हतं.

एवढं काल लिहिलं. रात्री दोर वाळला. आज सकाळी मी सुटलेल्या तंतूंचं टोक कापलं, गाठ मारली, काष्टा घातला आणि मास्तरांना विहिरीवर घेऊन गेले. पाणी दीड पुरुस आहे, मंडपमच्या सरावाला पुरे. मास्तरांना कठड्यावर उभं केलं, टोक हातात दिलं आणि सगळं नीट समजावलं. ते म्हणाले, "समजलं. मी काय लहान पोरगा हाय?" मी ट्यूबचा चष्मा लावून उतरले. तळाला हात टेकला, गाळ निवळू दिला आणि एक हिसका दिला.

मास्तरांनी मला बादलीसारखं वर ओढलं. कोपर खरडलं. वर आले तेव्हा ते पांढरेफटक होऊन विचारत होते, "काय झालं? काय झालं?" मी चष्मा वर केला आणि म्हटलं, "एक मनजे ठीक. चार मनजे वर. थांबाचं अन् एक परत द्याचा." त्यांनी मान हलवली. मी पुन्हा खाली गेले.